नवव्या बाईचा आवाज

भागरथाबाई खोब्रागडे भूत मानत नव्हत्या. हे मी आधीच लिहितो, कारण आज त्यांच्याबद्दल आमच्या भागात जी गोष्ट सांगितली जाते ती नेमकी उलटी आहे. मोहर्लीच्या वाटेवर कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा. वाघाने मारलेल्या जावेचा आवाज ज्या बाईला ऐकू यायचा ती बाई, पुतळीची छाती फाडणारी बाई, अशीच त्यांची ओळख उरली आहे. सफारीला आलेल्या पाहुण्यांना गाइड ती गोष्ट रंगवून सांगतात. तिच्यात मीही असतो. ‘एका म्हाताऱ्या फोरमननं मशीन उघडून पाहिली, आत काहीच नव्हतं.’ एवढाच असतो.

भागरथाबाई गेल्या हिवाळ्यात सिंदेवाहीला लेकीच्या घरी वारल्या. तो फोरमन मी.

त्या उंच होत्या, हाडकुळ्या, आणि चालताना दोन्ही हात मागे बांधून चालायच्या, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारख्या. शिवणीच्या लाकडाचे मुखवटे कोरणं हा त्यांचा धंदा. धान कापून झालं की आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात. त्या नाटकवाल्यांना राक्षस, वेताळ, यम, जे लागेल ते त्या करून द्यायच्या. बाप कोरायचा, त्याच्याकडून शिकल्या. मुखवट्याच्या आतल्या अंगाला, नटाचं कपाळ टेकतं तिथे, ‘भा. खो.’ अशी दोन अक्षरं कोरायच्या. ‘बाहेरून नाव टाकलं त लोक वाचतात. आतून टाकलं त त्याच्या कपाळाले लागते,’ म्हणायच्या.

मुखवटा न्यायला आलेल्या माणसाला तो लगेच मिळत नसे. आधी त्या स्वतः घालायच्या आणि गिऱ्हाइकासमोर बसून राहायच्या. बोलायचं नाही, हलायचं नाही, नुसतं बघायचं. समोरचा आधी हसे, मग इकडेतिकडे बघे, मग खाकरे. शेवटी त्याची नजर खाली गेली की भागरथाबाई मुखवटा काढून हातात देत. ‘घे. झाला पुरा.’ मला पहिल्या भेटीत त्यांनी असंच बसवलं होतं. तो एका सासूचा मुखवटा होता. डोळ्यांच्या भोकांतून मागे काही दिसत नव्हतं, आणि तरी कुणीतरी माझा पगार, माझी जात, माझं खोटं सगळं मोजतंय असं वाटत होतं. मी खाली बघितलं. त्या म्हणाल्या, ‘फोरमनभाऊ लवकर लाजले.’

भुताखेताचं नाव काढलं की त्या सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता थांबायच्या. छप्पन साली त्यांच्या आजाने दीक्षा घेतली आणि घरातले सगळे देव नदीत सोडले. ‘देव सोडले, त भूतं काय घरात ठेवतीन का?’ हा त्यांचा हिशेब. गावाबाहेर एका चिंचेखाली भर दुपारी बाई रडते अशी बोलवा उठली, तेव्हा त्या डबा घेऊन तिथे जेवायला बसल्या होत्या. परत आल्यावर बायांनी विचारलं, दिसली का? ‘दिसली. तिले म्हणलं, बाई, रडू नोको, वांग्याची भाजी हाये. ते म्हणे, वांगं नाई खात, आन गेली.’ जंगलात वाघाचं नाव घ्यायचं नाही, ‘तो’ म्हणायचं, हेही त्यांना पटत नसे. ‘वाघ म्हणलं का वाघ येते म्हणता. मी रोज सकाळी पाचशेची नोट म्हणून राह्यली, ते काऊन येत नाई?’

एकच गोष्ट त्या पाळायच्या. हाकेला ओ.

आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडी बाया पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात जातात. प्रत्येकीचं झाड वेगळं, त्यामुळे रांग लांबते. मध्ये झुडपं असतात, एकीला दुसरी दिसत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळाने पहिली हाक देते, ‘ओ होऽऽ’. दुसरी तिला ओ देते आणि पुढे हाक टाकते. अशी ती शेवटच्या बाईपर्यंत जाते आणि तिच्याकडून परत येते. ओ आली म्हणजे बाई आहे. ओ आली नाही तर दुसऱ्यांदा हाक मारायची नाही. उठायचं, झाडाला पाठ लावायची आणि कमरेचा टिनाचा डबा वाजवायचा. डबा वाजला की सगळ्यांनी वाजवायचा, आणि वाजवत वाजवत गावाकडे निघायचं. वेचायला वाकलेली बाई वाघाला जनावरासारखी दिसते, असं म्हणतात. बाया डोक्यामागे मुखवटा बांधतात तोही त्यासाठीच, मागून येणाऱ्याला तोंड दिसावं म्हणून. ते मुखवटे भागरथाबाईच करून देत, फुकट. त्यांचा स्वतःचा मुखवट्यांवर विश्वास नव्हता. ‘वाघ का येडा हाये? पण बाईले धीर येते.’ हाकेवर मात्र होता. ‘हाक आली का ओ द्यायची. भांडण असो का काई असो. कोण हाये, काय हाये, ते मंगानं.’

हे सगळं यंत्रावर करायचं ठरलं ते एका संस्थेमुळे. मोहर्लीच्या वाटेवर त्यांनी नवीन दालन बांधलं होतं. पर्यटकांना वाघ दिसतो, वाघाच्या जंगलात वाकणारी बाई दिसत नाही, तर ती दिसावी असा विचार. नागपूरहून सायली नावाची मुलगी आली. इंजिनिअर, यंत्रांना चालवणारे प्रोग्राम लिहायची आणि पुतळे हलवायची तिला हौस. मी घुग्घुसच्या कोळसा खाणीत इलेक्ट्रिकल फोरमन म्हणून आयुष्य काढून नुकताच घरी बसलो होतो. मोटारी मला कळत होत्या. भागरथाबाईंना बाया कळत होत्या. असे आम्ही तिघं.

नऊ बाया करायच्या होत्या. बांबूचा सांगाडा, त्यावर जुनी लुगडी, शिवणीचे हात. पुढून चेहरा नाही. चेहरे सगळे डोक्यामागे, मुखवटे. त्यामुळे मागून येणाऱ्याला नऊ वाकलेल्या पाठी आणि त्याच्याकडेच बघणारी नऊ तोंडं दिसायची. कंबर वाकवायला आम्ही ट्रकच्या वायपरच्या मोटारी घेतल्या. घुग्घुसमध्ये भंगारवाल्याकडे त्या ढिगाने मिळतात. माझ्या ओळखीच्या एका गोदामात काम सुरू झालं. कोळशाची धूळ तिथे दाराच्या फटीतून येते. सकाळी दार उघडलं की नऊही मुखवट्यांच्या डोळ्यांखाली काळं साचलेलं असे, रात्रभर जागल्यासारखं. भागरथाबाई पदराने पुसायच्या आणि नावं घेऊन बोलायच्या, कारण प्रत्येक बाई त्यांनी गावातल्या एकेकीवरून केली होती. ‘काय वो गिरजा, झोप नाई झाली का?’ गिरजाची मोटार जरा जुनी होती. वीज बंद केल्यावरही तिची कंबर वजनाने हळूहळू खाली जात राहायची. आपण निघायच्या बेतात असावं आणि मागे कुणीतरी वाकावं. सायली दिवसासुद्धा तिथे एकटी थांबत नसे.

भांडणं रोज. ‘हे बाई वाकून राह्यली का साहेबाले सलाम करून राह्यली?’ असं त्या सायलीला विचारायच्या. सायलीही कमी नव्हती. ‘तुमच्या बाईच्या मानेत तुम्ही काय भरलंय ते आधी सांगा.’ भागरथाबाईंनी, फट वाईट दिसते म्हणून, आम्हाला न सांगता तिसरीच्या मानेत लाख भरली होती. मोटार अडकून जळाली, गोदामभर धूर झाला. चूक कबूल करणं त्यांना माहीत नव्हतं. ‘तुमची मोटारच नाजूक,’ म्हणाल्या आणि आठवडाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. मग एका सकाळी तिसरीची मान नव्याने कोरून घेऊन आल्या. मुखवटा घातला, सायलीसमोर बसल्या. सायली खाली बघेना. दोघी किती वेळ तशाच. शेवटी मुखवट्याच्या आतून हसू फुटलं. ‘हे पोट्टी नाई लाजत बाप्पा.’ त्या दिवसापासून सायली त्यांची लाडकी.

आवाज मात्र खऱ्या बायांचे हवे होते. मोहाच्या दिवसांत आम्ही त्यांच्या गावी गेलो, पहाटे त्यांच्याबरोबर जंगलात शिरलो. फुलांचा गोड, आंबूस वास, खाली जाळलेल्या पानांची राख. रांगेत शेवटचं झाड शेवंताचं. शेवंता म्हणजे भागरथाबाईंची धाकटी जाऊ. बुटकी, पुढचा एक दात पडलेला, आवाज पितळी भांड्यासारखा. दोघींचं एका बांधावरून वर्षानुवर्षं वैर होतं आणि दोघी एकमेकींशिवाय जंगलात जात नव्हत्या. सगळ्या बाया नुसती ओ देत. शेवंता जावेला चिडवायला पुढे जोडायची, ‘हाव वो, जित्ती हावो अजून!’ आणि रांगभर हसू पसरत जायचं. भागरथाबाई तिकडे तोंड करून म्हणायच्या, ‘माईत हाये! तू मरत नाईस सहजासहजी.’

ते सगळं मी टिपून घेतलं. नवव्या पुतळीला शेवंताचा आवाज दिला.

यंत्राची रचना सोपी होती. प्रत्येक पुतळीत एक छोटा माइक आणि एक स्पीकर. शेजारणीची हाक ऐकू आली की ती ओ देते आणि हाक पुढे टाकते. पहिल्यांदा साखळी पूर्ण फिरली ती दुपार मला आठवते. पहिलीने हाक दिली, ती गोदामाच्या दुसऱ्या टोकाला गेली, शेवंताचा आवाज खणखणला आणि ओ परत आली. बाहेर शिफ्ट सुटलेली. मोटारसायकलींची रांग चाललेली. त्यातल्या दोघांनी गाड्या थांबवल्या आणि रस्त्यावरूनच मोठ्याने ओ दिली. मूलकडचे असतील, चिमूरकडचे असतील, मोह वेचणाऱ्यांच्या घरचे. मग एकमेकांकडे बघून ओशाळले आणि निघून गेले. भागरथाबाई दारात उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी आमचं कौतुक केलं, त्यांच्या पद्धतीने. ‘झालं आता. बिघडवू नोका.’

बिघडवलं मी.

भागरथाबाईंचं म्हणणं असं होतं, की कधीतरी साखळी तुटायला हवी. एखादी पुतळी ओ देणार नाही. मग बाकीच्या उठून उभ्या राहतील, डबा वाजेल, आणि सगळं थांबेल. कुणीतरी आत येऊन हाताने सुरू करेपर्यंत बंद. बघणाऱ्याने त्या गप्प बायांमध्ये उभं राहावं. ‘तेच त दाखवाचं हाये, भाऊ. बाकी त मनोरंजन हाये.’ संस्थेच्या साहेबांना ते पसंत नव्हतं. लांबून आलेल्या पाहुण्याने बंद पडलेलं यंत्र का बघावं? आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. खाणीत एक पंप थांबला की दुसरा आपोआप सुरू व्हायलाच हवा, नाहीतर पाणी भरतं आणि माणसं मरतात. हे माझ्या हाडात गेलं होतं. थांबलेलं यंत्र मला बघवत नाही. म्हणून मी साखळी तुटू दिली, पण भागरथाबाईंना न सांगता एक सोय केली. डबा वाजून गेल्यावर बराच वेळ कुणी आलं नाही, तर नववी पुतळी स्वतःच आवाज देईल आणि साखळी पुन्हा चालू होईल. त्यासाठी शेवंताची ती ओ घेतली. तिचाच आवाज असा होता, की आठही माइक तो न चुकता पकडायचे.

पावसाळा संपता संपता शेवंताला वाघाने नेलं. जंगलातसुद्धा नाही. स्वतःच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर गवत कापत होती, वाकून. त्याच वादाच्या बांधावर. एकटीच गेली होती, कारण आदल्या दिवशी दोघींचं भांडण झालं होतं.

भागरथाबाई तिसऱ्या दिवशी गोदामात आल्या. हातात खर्रा नव्हता. नवव्या पुतळीच्या मुखवट्यावरची धूळ त्यांनी पुसली. मग मला म्हणाल्या, ‘भाऊ, शेवंताचा आवाज काढून टाका.’

‘काढतो बाई.’

‘माह्यासाठी नाई म्हणत. तिचा पोरगा उद्घाटनाले येईन. त्याले मायची हाक आयकू आली त तो ओ देईन. मंग पुढं काय?’

मी नवव्या पुतळीत गिरजाच्या सुनेचा आवाज घातला. पण पुन्हा सुरू करायची ती सोय तशीच राहिली. ती बदलायची तर आठही माइक नव्याने जुळवावे लागत होते आणि उद्घाटन तोंडावर होतं. माणसं असताना तेवढा वेळ शांतता होणारच नाही, कुणी ऐकणारच नाही, असं मी स्वतःला सांगितलं. सायलीने विचारलं, ‘काका, सगळीकडचा काढला ना?’ मी हो म्हणालो. भागरथाबाईंनी विचारलं तेव्हाही, काढला.

उद्घाटन सफारी सुरू होण्याच्या सुमाराला झालं. फीत, भाषणं, फुलांचे गुच्छ. पुतळ्यांनी सुरेख काम केलं. साखळी ठरल्याप्रमाणे एकदा तुटली, डबा वाजला, लोक गप्प झाले, मी आत जाऊन ती सुरू केली, टाळ्या झाल्या. शेवंताचा मुलगा पुढच्या रांगेत होता. काही झालं नाही. मग सगळे बाहेर मांडवात जेवायला गेले. भागरथाबाई मागे राहिल्या. साहेबलोकांबरोबर जेवताना त्यांना घास उतरत नसे.

आत काय झालं ते मी पाहिलं नाही, पण काय झालं असेल ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. साखळी पुन्हा तुटली. बाया उठल्या. डबा वाजला. रिकामं दालन, दुपारचं ऊन, उभ्या बाया आणि त्यांच्यात भागरथाबाई. त्यांना हवी होती तीच शांतता. ती त्या ऐकत उभ्या राहिल्या असतील. आणि मग शेवटच्या बाईकडून आवाज आला असेल,

‘हाव वो, जित्ती हावो अजून!’

किंकाळी नव्हती. लोक किंकाळी सांगतात, ते खोटं. मांडवात आम्हाला बांबू कडकडल्याचा आवाज आला. धावत गेलो तेव्हा भागरथाबाई नवव्या पुतळीच्या छातीत कोपरापर्यंत हात घालून वायरी उपसत होत्या. कोरायच्या पटाशीने लुगडं फाडलेलं. हात रक्ताळलेले. लोकांना वाटलं, बाई पिसाळली. बाई शोधत होती. आवाज आला म्हणजे तो कुठूनतरी आला, आणि आत आहे तर तो सापडलाच पाहिजे, एवढा साधा सरळ विचार त्या करत होत्या. त्या सगळ्या गर्दीत डोकं ठिकाणावर असलेलं ते एकटंच माणूस होतं.

त्यांना कार्ड सापडलं. नखाएवढं. ज्यावर आवाज भरलेले असतात ते. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. ‘भाऊ, यात शेवंता हाये. वाजवा.’

साहेब उभे. सायली उभी. गावातल्या बाया दाराशी, आणि शेवंताचा मुलगा घास हातात तसाच धरून.

मी कार्ड घेतलं. माझ्या यंत्राला लावलं. त्यावर आवाज दोन ठिकाणी होते. मी पहिला वाजवला. गिरजाच्या सुनेची ओ सगळ्यांनी ऐकली.

‘बाई, यात शेवंताचा आवाज नाही,’ मी म्हणालो.

भागरथाबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या वेळी तोंडावर मुखवटा नव्हता. मी खाली बघितलं नाही. आयुष्यात तेवढ्या एका वेळी मी नजर खाली जाऊ दिली नाही, आणि खरं सांगायची वेळ तीच होती. हळू आवाजात त्या म्हणाल्या, ‘भूत त नसते, भाऊ. मंग माह्या कानात कोण बोललं?’

‘धक्का बसलाय तुम्हाला. आराम करा.’

सगळ्यांनी तेच म्हटलं, धक्का. साहेबही समजूतदारपणे वागले. दालनाच्या पाटीवरून भागरथाबाईंचं नाव काढलं तेही त्यांना त्रास नको म्हणून. पुतळ्या गुंडाळून ठेवल्या. सायली नागपूरला परत गेली. कार्ड माझ्याकडे राहिलं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. गावात बोललं जाऊ लागलं, शेवंता जावेला बोलावते. मग लोक यायला लागले. ज्यांच्या घरचं कुणी वाघाने नेलं होतं असे लोक, लांबून लांबून, एस्टीने. दारात लिंबू आणि हळद-कुंकू ठेवून बसायचे. ‘बाई, आमच्या माणसाचा आवाज आयकवा.’ एक म्हातारा सिरोंच्याकडून आला होता, त्याला मराठी धड येत नव्हतं, तो नुसतं मुलाचं नाव घेत राहिला. ज्यांच्या आजाने देव नदीत सोडले, त्यांच्या उंबऱ्यावर कुंकू. भागरथाबाई खराट्याने ते झाडायच्या आणि ओरडायच्या, ‘मी बौद्ध हावो! मले काई आयकू येत नाई!’ लोक हात जोडायचे. नाही म्हणणाऱ्या बाईवर लोकांचा विश्वास जास्तच बसतो.

पण त्यांना लागलं ते दुसरंच. मोहाच्या रांगेत बायांनी त्यांच्या हाकेला ओ देणं सोडलं. मेलेलीला ज्यांची हाक पोचते, त्यांना ओ कशी द्यायची? कुणी वाईट बोललं नाही. कुणी रांगेतून काढलं नाही. त्यांची हाक यायची आणि पुढची बाई ती ऐकलीच नाही असं करून वेचत राहायची. हाक तिथे मरायची. वाघाच्या जंगलात ज्या माणसाला ओ नाही ते माणूस नसल्यातच जमा. गिरजा मला नंतर म्हणाली, ‘भेव लागे जी. ओ दिली आन आमाले घेऊन गेली त?’ मग भागरथाबाई रांग सोडून एकट्या दुसऱ्या बाजूच्या झाडांखाली जाऊ लागल्या.

सायलीला मी सगळं सांगितलं ते अगदी अलीकडे, फोनवर. ती म्हणाली, ‘काका, मी पण त्यांना वेडी समजले होते.’ हे लिहून झालं की मी कार्ड घेऊन त्यांच्या गावी जाणार आहे. सगळ्यांपुढे ते वाजवीन, आणि मग शेवंताच्या मुलाला देईन. तो ओ देईल की नाही, मला माहीत नाही.

भागरथाबाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या जाण्याच्या आधीच्या मोहात. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. मोहर्लीहून ऑटो केला, जंगलाच्या कडेला रस्त्यावर थांबवून ठेवला आणि पायवाटेने आत गेलो. नुकतं उजाडत होतं. झाडाखाली त्या वाकलेल्या होत्या, पाठ माझ्याकडे. डोक्यामागे मुखवटा बांधलेला, त्याचं तोंड माझ्याकडे. जवळ जाईपर्यंत ओळखू आलं नाही. मग पुढच्या पडलेल्या दाताची फट दिसली. शेवंताचा मुखवटा.

मी उभा राहिलो. वेचता वेचता त्यांनी हाक दिली, ‘ओ होऽऽ’. सवयीने, कुणालाच नाही. आणि थांबल्या. ओ यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या थांबल्या, आणि पुन्हा वेचू लागल्या. पुन्हा हाक दिली तेव्हा माझ्या तोंडातून आपोआप गेली, ‘ओ!’

त्या दचकल्या नाहीत. वळल्याही नाहीत. फक्त हात थांबला. थोड्या वेळाने पुन्हा हाक आली आणि मी पुन्हा ओ दिली. टोपली भरेपर्यंत असंच चाललं. त्या हाक द्यायच्या आणि मी ओ द्यायचो. मुखवटा माझ्याकडे बघत होता.

टोपली डोक्यावर घेऊन त्या उठल्या, तेव्हा वळून म्हणाल्या, ‘फोरमनभाऊ. आवाज होता का नाई?’

‘होता.’

‘कोणाचा?’

‘शेवंताचा.’

बाजारात भाव ऐकावा तशी त्यांनी मान हलवली. ‘मले काऊन सांगता? मले त तवाच आयकू आला. गावात चाला. तिथी सांगा. त्या बायांले सांगा.’

‘येतो,’ मी म्हणालो. ‘तुम्ही व्हा पुढे. आलोच मागून.’

त्या निघाल्या. गाव तिकडे, रस्ता इकडे. शेवंताचं तोंड माझ्याकडे बघत बघत लांब जाऊ लागलं. रस्त्यावरून ऑटोवाल्याने हॉर्न दिला. आज तब्येत बरी नाही, पुढच्या आठवड्यात सायलीलाच घेऊन येऊ, नीट सगळं सांगू, असं काहीतरी माझ्या मनात येत होतं, आणि पाय रस्त्याकडे वळलेले होते.

वाट जिथे वळते तिथे त्या थांबल्या. मागे न बघता त्यांनी हाक दिली. वळणापलीकडे जाताना मागच्या माणसाला देतात ती.

‘ओ होऽऽ’

मागे मी होतो. पण तोवर मी रस्त्यावर आलो होतो, माझा हात ऑटोच्या दांडीवर होता.

ओ यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या त्या थांबल्या. दुसऱ्यांदा हाक मारली नाही. एका हाताने टोपली धरली, दुसऱ्या हाताने दगड उचलून कमरेच्या डब्यावर हाणला. मग वाजवत वाजवत गावाकडे निघाल्या. त्या दिसेनाशा झाल्या तरी डबा वाजतच होता. थोड्या वेळाने दूर, जंगलाच्या दुसऱ्या बाजूला, बायांच्या रांगेतूनही एक एक डबा वाजू लागला.

‘कोणी गेलं वाटते,’ ऑटोवाला म्हणाला, आणि त्याने गाडी सुरू केली.